बंदुकीची सोडत आणि आर्डिथचं दार

वॉरबर्गच्या शाळेत आर्डिथ कोएनिग सव्वीस वर्षं पुढल्या दाराशी बसली. एक टेबल, एक टेलिफोन, उशिरा येणाऱ्या पोरांची वही आणि ते दार. दार आपलं म्हणायला. चौकट खचलेली. कडी लागायची तर आधी कमरेने दार वर उचलायचं, मग गुडघ्याने रेटायचं आणि मग किल्ली फिरवायची. आर्डिथचा गुडघा त्रेसष्ट वर्षांचा होता आणि दाराइतकाच हट्टी.

अमेरिकेतल्या शाळांत आगीची रंगीत तालीम होते तशी बंदूकवाल्याचीही होते. पोरं दिवे मालवून भिंतीला चिकटून बसतात, बाई तोंडावर बोट ठेवतात आणि आर्डिथने दार लावायचं असतं. त्या वर्षी शेरिफचा शिपाई काइल ब्रँडवोल्ड खोटा मारेकरी झाला. तो आला तेव्हा आर्डिथची दाराशी झटापट चाललीच होती. काइल चांगल्या वळणाचा.

"थांबा, मिसेस कोएनिग, तुम्ही जोर लावू नका. मी उचलतो."

आत येऊन त्याने दार उचलून धरलं, तिने किल्ली फिरवली. मग त्याने टोपी काढली. "माफ करा हं, पण तुम्ही मेलात."

"आणि पोरं?"

काइलने हातातल्या कागदावर खूण केली. "ती पण."

पहिलीच्या वर्गात कोट टांगायच्या खुंट्यांखाली आर्डिथची नात जूनी बसली होती, बुटाची नाडी तोंडात धरून. त्या दिवसापासून आर्डिथला दुसरं काही सुचेना. शाळेला दार हवं.

शाळेकडे पैसा नव्हता. नगरसभेत ग्रंथालयवाल्या बाईंनी ठराव मांडला: गावात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर आणि गोळ्यांच्या डबीवर थोडा कर लावावा, सगळा पैसा शाळेच्या सुरक्षेला. डबीमागे म्हणाल तर कॉफीच्या एका कपाएवढा. गावात बंदुका विकणारा एकच, मर्ल टोलेफसन. त्याच्या दुकानात खिळे, रंग, कुत्र्याचं खाणं, कुलपं, बिजागऱ्या, आणि मागच्या भिंतीवर बंदुका.

एरवी नगरसभेला काळं कुत्रं फिरकत नाही. त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या. गव्हाच्या धुळीने मळलेल्या टोप्या घालून सगळे शूर जमले. कॉफीच्या कपाने गुलामगिरी येणार म्हणून छात्या फुगल्या होत्या.

"आज गोळीवर कर, उद्या घराची झडती!" मर्ल गरजला.

आर्डिथ उठली. मर्ल लहानपणी शाळेत तिच्याच वर्गात होता, त्याला कवितेचं एक कडवं धड पाठ झालं नव्हतं हे तिला ठाऊक होतं. "मर्ल, मासे धरायच्या परवान्याला तू दर वर्षी रांग लावून पैसे भरतोस. तेव्हा झडती नाही रे आठवत?"

"ट्राउटची गोष्ट वेगळी, आर्डिथ."

"वेगळीच. ट्राउट चवीला बरा लागतो."

लोक हसले. हसले आणि हात मात्र विरोधात वर केले. सगळ्यांत आधी वर गेलेला हात आर्डिथच्या नवऱ्याचा, लॉइडचा. घरात सात बंदुका त्याच्या आणि एक तिची. दर हिवाळ्यात फ्रीजरमध्ये पडणारं हरीण बहुधा तिच्याच बंदुकीचं असायचं, त्यामुळे हिला शहराचं वारं लागलंय असंही कुणाला म्हणता येईना.

ठराव पडला. मग मर्लने छातीवर हात ठेवला, आवाज ओला केला. "शाळा आपली, पोरं आपली. जुलमाने कशाला? आपण सोडत काढू. बक्षीस एक नवी कोरी रायफल!"

टाळ्यांनी छत हाललं. बंदुकीपासून पोरं वाचवायची म्हणून बंदुकीची सोडत! कुणाला हसू आलं नाही. या मुलखात अग्निशामक बंब असो, चर्चचं छप्पर असो, कुणाचं आजारपण असो, बंदुकीच्या सोडतीवाचून पुण्य पदरात पडत नाही.

घरी जाताना लॉइड गाडीत पुटपुटला, "मी शाळेविरुद्ध हात नव्हता वर केला."

"मग काय काखेत खाज सुटली होती?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

"तुझ्या तत्त्वाला कडी लागते का, तेवढं सांग."

तिकिटं विकायची कुठे? आर्डिथच्या टेबलावर. मुख्याध्यापिका मिसेस प्रुइट जिकडे वारा तिकडे कलणारी बाई. महिन्यापूर्वीच दुसरीतल्या एका पोरीने बोटांची बंदूक करून "ठो!" केलं म्हणून तिने आर्डिथकडून पोरीच्या घरी चिठ्ठी धाडली होती.

"या तिकिटावर तर अख्ख्या रायफलचं चित्र आहे," आर्डिथ म्हणाली. "आता चिठ्ठी कुणाच्या घरी धाडू?"

"आर्डिथ, प्लीज. दार हवंय ना तुम्हाला?"

दार हवंच होतं. तिने तिकिटं विकली. कॉफीच्या कपाने ज्यांचं स्वातंत्र्य बुडणार होतं, त्यांनी वीस-वीस तिकिटं घेतली. कर म्हटला की लूट, तिकीट म्हटलं की दानधर्म. खिसा तोच, हात तोच; फक्त पलीकडून बंदूक मिळायची आशा हवी. पोरं जिवंत राहतील ही आशा त्यांना पुरत नव्हती. सोडतीच्या रात्री बंबाच्या शेडमध्ये घेवड्याचं तिखट कालवण आणि दालचिनीचे गोड बन खाऊन त्यांनी ढेकर दिले, आणि रायफल गेली शेजारगावच्या दंतवैद्याकडे.

पैसे मात्र भरपूर जमले. दार येऊन वर उरले असते. खर्चाची समिती बसली, अध्यक्ष मर्ल. समितीने विचार केला की दार काय, दार नुसतं उभं राहतं. म्हणून त्यांनी शाळेसाठी एक रायफल आणि ती ठेवायला पोलादी कपाट घेतलं. मर्लच्याच दुकानातून. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. यांच्याकडे बैल गोठ्यात असताना झोप्याचे, म्हणजे गोठ्याच्या दाराचे, पैसे होते, तर यांनी आणखी एक वाघ विकत आणला.

कपाट आर्डिथच्या टेबलामागे बसवलं. साप्ताहिकाचा फोटोवाला आला. मर्लने रिबीन बांधलेली किल्ली तिच्यापुढे धरली. "घे आर्डिथ. तुझा नेम गावात एक नंबर."

आर्डिथने किल्ली घेतली नाही. "मला दारासाठी ठेवलंय. सरळ फिरेल अशी दाराची किल्ली दे, घेते."

"अगं, कुणीतरी ठेवायलाच हवी ना?"

"मग तू ठेव. रोज सकाळी येऊन बस इथे."

"मला दुकान आहे."

"मिसेस प्रुइट?"

मिसेस प्रुइटचे हात पाठीमागे गेले. "मला तर बाई आवाजानेसुद्धा धडकी भरते."

"काइल?"

"आमचं ठाणं वीस मैलांवर, मिसेस कोएनिग."

लॉइड कपाट उचलायला आला होता. तो एकदम बुटाकडे बघू लागला.

आर्डिथने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, डब्यात राहिलेली शिळी भाजी बघावी तसं. "घरात पोत्याने बंदुका, आणि एक किल्ली हातात धरायला मर्द नाही. साठ पोरं आहेत आत. ही किल्ली चुकीच्या वेळी चुकीच्या हातात पडली तर कुणाच्या नावावर लिहू, तेवढं फोटोवाल्याला सांगा. तो छापेल."

 फोटोवाल्याने वही उघडली. ती वही बघून मर्लचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक वाचतं, हे त्याला कळत होतं.

"परत ने," आर्डिथ म्हणाली. "तुझ्याच दुकानात, बिजागऱ्यांच्या शेजारी कुलपं टांगलीत. आणि लॉइड, चौकट तू बसवायचीस. फुकट. तत्त्व म्हणून."

कपाट रायफलीसकट त्याच दुपारी मर्लच्या पिकअपमधून परत गेलं. शनिवारी सोडतीच्या त्याच पैशांतून पोलादी दार आलं. लॉइडने चौकट बसवली, दोनदा अंगठा ठेचून घेतला. सोमवारी दार आपसूक बंद झालं, आतून खट्ट वाजलं. आर्डिथने ते तीनदा उघडून तीनदा ऐकलं.

दारावर पितळी पाटी मात्र होती: "मर्ल टोलेफसन यांच्याकडून मुलांना सप्रेम भेट." गावाने वाहवा केली. आर्डिथने त्या पाटीवर शाळेतल्या आठवड्याच्या जेवणाच्या यादीचा कागद चिकटवला, चारी कोपरे अंगठ्याने दाबून, आणि उशिरा आलेल्या पोरांची नावं लिहायला बसली.