एरंडावरचे तुडतुडे

दुष्काळाच्या वर्षी तेलगावच्या शेतकरी सोसायटीचे सचिव एक बाटली घेऊन आमच्या कीटकांच्या प्रयोगशाळेत आले. आत स्पिरिटमध्ये वीसेक हिरवे तुडतुडे होते.

"तेलगावच्या कपाशीवरचे हायेत, मॅडम. नवी जात दिसती. जुनं औषध मारूनबी पानं लालच. तुमी तेवढं लेखी द्या, नवं औषध मागवायचंय."

लेखीची एवढी घाई कशाला, हे मला तिथंच खटकलं.

कपाशीच्या तुडतुड्याला पंखांच्या टोकाकडे एकेक काळा ठिपका असतो. यातल्या एकालाही तो नव्हता. पण ठिपका पुसटही होतो, त्यावरून जात ठरत नाही. मी नर वेगळे काढले, त्यांच्या पोटाची टोकं कॉस्टिक पोटॅशमध्ये गरम करून पारदर्शक केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आतल्या जननेंद्रियांचा आकार कपाशीच्या जातीशी जुळेना. जात खरंच वेगळी होती. नवी मात्र नव्हती. ती एरंडावर राहते.

हा माणूस नव्या औषधाच्या कमिशनसाठी एरंडावरचे किडे आणून आपल्याला फसवतोय, असं मी धरूनच चालले. त्याच्याविरुद्ध तक्रार लिहून पर्समध्ये ठेवली आणि कुणाला न कळवता तेलगाव गाठलं.

किडे जिथले होते ते शेत विचारत शोधलं, तर तिथल्या मालकीणबाईंनी मला बांधावरच अडवलं. "कोन तुमी? औषध कंपनीच्या का?"

"नाही. किडे बघायला आले."

"किडे बघाया? एवढ्या उन्हात?" त्यांचा विश्वास बसला नाही. त्या माझ्या मागंमागंच राहिल्या.

कपाशीची पानं लालेलाल होती. मी पान न् पान उलटलं. तुडतुडे मोजकेच, आणि सगळे ठिपकेवाले. कडेनं मात्र एरंड लावलेला होता.

"सचिवांनी किडे कुठून धरले?"

"त्येनी कावून धरावं? मीच धरले की. तवा कपाशीवर नुकतंच फवारलं व्हतं, आत कोन शिरंल? एरंडावर लई व्हते, तसलेच हिरवे. म्हनलं, एकच हाय."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. खाली बसून माती उकरली. वीतभर खालीही ओल नव्हती. हा लाल्या, म्हणजे पानं लाल पडण्याचा रोग, किडीनं नव्हे तर पाण्याच्या ताणानं आलेला होता.

"फवारणी थांबवा," मी म्हणाले. "हे पाण्यावाचून झालंय."

"मग पानी कुठून आनू, तेबी सांगा."



परतताना सोसायटीत जाऊन सचिवांना सगळं सांगितलं, तक्रार लिहिल्याचंसुद्धा. त्यांनी औषधाची मागणी माझ्यासमोरच रद्द केली. मग म्हणाले, "मला आदी इचारायचं तरी, मॅडम." पुढं कामापुरते बोलत राहिले. चहा घ्या, असं पूर्वीसारखं मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत.