बाजूला काढलेली माणसं

नारायणगावच्या त्या स्टुडिओत पुढे कॅमेरा, मधे पडदा आणि पडद्यामागे सोपान, अशी व्यवस्था होती. पुढचा भाग मालक अरिहंतशेठचा. मागच्या खोलीत एक संगणक, एक खाट आणि चाळिशीला टेकलेला सोपान. लग्नाचे अल्बम सजवणं हे त्याचं काम. म्हणजे आणे पठारावरचं जोडपं कापून स्वित्झर्लंडच्या बर्फात नेऊन उभं करायचं, तेही चपलांसकट. शेकडो जोडपी त्याने अशी फुलांत बसवली. त्याचं स्वतःचं मात्र कुठे जमलं नाही.

सजावटीचा माल इंटरनेटवरून यायचा. कुठल्याशा परदेशी बायका घरच्या फोटोंच्या वह्या नटवतात आणि त्यासाठी संगणकावर केलेली फुलं, रिबिनी, चौकटी फुकट वाटतात, हे त्याला कळलं आणि माणूस कामातून गेला. सकाळीच सायबर कॅफेत जाऊन बसायचा, कारण तेव्हा लाइन जरा पळायची. एक गठ्ठा उतरायला अर्धा तास. तो पेन ड्राइव्हवर आणायचा, सोडवायचा, एकेक नग बघून नाव द्यायचा आणि जागेवर ठेवायचा. फुलांत गुलाब वेगळा, गुलाबात लाल वेगळा. बटणांचासुद्धा फोल्डर होता. आता लग्नाच्या अल्बमात बटणं कोण लावतं? पण दारी आलेल्याला जागा नको का, असा ह्याचा न्याय.

“संसार नाय तुमचा, पण मांडणी बघा, सोपानराव!” अरिहंतशेठ म्हणायचा. सोपान हसायचा. शेठ घरी गेला की ती एवढीशी खोली त्याला खायला उठायची.

एक फोल्डर मात्र परदेशी मालाचा नव्हता. त्याचं नाव ‘बाजूला’. एकदा फोटोतली गर्दी पुसताना सोपानने नवरदेवाचा थोरला मामाच पुसून टाकला होता. मामा! अल्बम बघून त्याने वर्षभर भाच्याशी अबोला धरला. तेव्हापासून कापलेलं माणूस सोपान फेकत नसे. गाव, साल आणि नंबर घालून ठेवून द्यायचा. अशी साडेतीनशे माणसं तिथे पडून होती.

२००८च्या मार्चमध्ये त्याची आई साळुबाई आण्याला वारली. ती गावी एकटीच असायची. सोपान महिन्यातून एकदा जायचा, आणि लग्नसराईत तेही राहून जायचं. सातव्या दिवशी मावशी सखूबाईने विचारलं, “दशक्रियेला खुर्चीवर फोटू ठिवायचा ना? न्हाईतर हार कशाला घालायचा?”

फोटो नव्हता. मतदान कार्डावर तोंडाच्या जागी नुसता काळा डाग. आईजवळ फोटोचा विषय काढला की ती म्हणायची, “मला कशाला रं फोटू? मी काय हारवनार हाय?”

“आख्ख्या तालुक्याचे फोटू हायेत तुझ्याकडं,” सखूबाई म्हणाली, “आन् आईचा एक न्हाई?”

हे मात्र वर्मी लागलं. सोपान तसाच उठून नारायणगावला आला. आई कुठल्या लग्नाला गेली असेल ते आठवून त्याने एकेक अल्बम उघडला. तीन वर्षांपूर्वी आण्यातच एक लग्न झालं होतं, तिथे ती नक्की असणार. पण त्या अल्बमात नवरानवरीमागे स्वच्छ गुलाबाची बाग होती, दुसरं माणूस नाही. मूळ फोटो कधीच पुसलेले. तेव्हा कुठे त्याला ‘बाजूला’ आठवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आणे, २००५, नंबर चौदा. साळुबाई.

कापताना माणूस बघायचा नसतो, कड बघायची असते. तशी त्याने आईची कड नीट कापली होती. उन्हासाठी कपाळावर उजवा हात धरून ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. डावा हात कोपरापासून नव्हता. तो नवरदेवाच्या खांद्याआड राहिला होता.

मग सगळंच आठवलं. त्या दिवशी शेठऐवजी फोटो काढायला तोच गेला होता आणि सकाळपासून उपाशी होता. डोळा कॅमेऱ्याला लावूनच तो ओरडला होता, “ओ आजी, बाजूला व्हा!” संध्याकाळी मांडवाच्या खांबाशी झाकलेलं, गार झालेलं ताट मिळालं. आई ठेवून गेली, असं कुणीतरी सांगितलं होतं. आपण आजी कुणाला म्हणालो, ते त्याला आज कळलं.

‘हात’ नावाचा फोल्डर त्याने उघडला. मेंदीचे, अंगठ्यांचे, गोरेपान हात. भांडी घासून चिरा पडलेला एकही नव्हता. बॅकग्राउंड चार हजार होती. धबधबे पाहिले, बागा पाहिल्या, त्यातल्या एकातही आई बसेना. शेवटी त्याने तिला कोऱ्या पांढऱ्यावर ठेवलं आणि तशीच छापली.

दशक्रियेला खुर्चीवरच्या फोटोला हार घालताना सखूबाई थबकली. “आरं, तुझा धंदाच ह्यो ना? एक हात जोडता आला न्हाई व्हय? काय धरलं व्हतं तिनं त्या हातात?”

“माझं जेवान, मावशे,” सोपान म्हणाला, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा रडला.