माहेरच्या नावाची फाईल

वालूरचे मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, गंगाखेडला माझ्याकडे आले ते फक्त बहिणीचा आवाज ऐकायला. दोन्ही डोळ्यांनी त्यांना आता दिसत नाही, पण त्याची तक्रार नव्हती. म्हणाले, "दिसायचं ते दिसून झालं बाबा. तिचा आवाज मात्र इसरायलोय मी." आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा आवाज उरलाय तो एकाच ठिकाणी, माझ्या लग्नाच्या शूटिंगमध्ये. सीड्या चरे पडून केव्हाच वाया गेल्या. बरं झालं, शूटिंगवाल्यानं दुकान बंद करताना त्यांच्या फाईली पेन ड्राइव्हवर भरून दिल्या होत्या.

पहिल्या सीडीची फाईल आयएसओ. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की कॉम्प्युटरला वाटतं, खरीच सीडी घातलीय. याला माउंट करणं म्हणतात. ती लगेच उघडली. हळद, पंगत, माझ्या मित्रांचा अचकटविचकट नाच, सगळं निघालं, आई तेवढी नाही. ती दुसऱ्या सीडीत, आणि त्या सीडीच्या फाईली दोन: बिन आणि क्यू. बिन भली मोठी, सगळं शूटिंग तिच्यात. क्यू एवढीशी, तिच्यात फक्त बिनचं नाव आणि चार खुणा. यांना वेगळा प्रोग्राम लागतो. तो टाकला, क्यू माउंट केली, तर म्हणे फाईल सापडत नाही.

माझं डोकंच फिरलं. फाईल शेजारीच तर होती. "डोळे फुटले का याचे?" मी ओरडलो आणि जीभ चावली.

मामा हसले. "माझे फुटलेत की. त्याचे कशाला फोडतूस?"

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, मोठ्या फाईलचं नाव मी बदललंय. नुसती इंग्रजी अक्षरं नि आकडे होते. 'आई' करून ठेवलं, सापडायला सोपं." ही बाई मिठाच्या डब्यावरसुद्धा मीठ लिहिते. तिला काय बोलणार? क्यू बिचारी जुन्याच नावानं शोधत बसली होती.

हे मामांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर हाय त्या क्यूचं. लग्नात तुमच्या लोकांनी आमच्या पोरीचं नाव बदललं. मला न्हाई जमलं ते. ती जाईपर्यंत मी तिला जुन्याच नावानं हाक मारली."

मी बिनला जुनं नाव परत दिलं. माउंट झाली. मांडवातली गर्दी, खरखर, आणि त्यातून मामांचा तेव्हाचा आवाज, आईला माहेरच्या नावानं बोलावणारा. गर्दीतून कुठूनतरी ती म्हणाली, "ओ! आले की दादा."

मामांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "आता मी गेल्यावर तिला ह्या नावानं कोण हाक मारल रे?"

मग मी बिनचं नाव पुन्हा बदललं, आईचं माहेरचं नाव दिलं, आणि क्यू उघडून तिच्यातही तेच लिहिलं. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होतो. माउंट केली. कॉम्प्युटरनं काही कुरकुर केली नाही.

मामा म्हणाले, "परत लाव."