ओढ्याकाठचा बिननांगरलेला तुकडा

एरवी मी इथं किल्ले आणि खाणं यांवर लिहिते. हा प्रवास तसला नाही, आधीच सांगून ठेवते.

माझे अब्बा निवृत्त मास्तर, वय त्र्याऐंशी. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "माझ्या वडिलांना पुरलं ती जागा बघायचीय. फातेहा पढून येतो." अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, निजामाचं राज्य घ्यायला आलेली भारताची फौज त्यांच्या गावात शिरली. रझाकार केव्हाच पसार झाले होते. सापडले ते पानवाले, पिंजारी, म्हातारे. अकरा जणांना ओढ्याकाठी उभं करून गोळ्या घातल्या, तिथंच पुरलं. अब्बा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. आजी त्यांना घेऊन नांदेडला आली आणि पुन्हा त्या गावाकडं फिरकली नाही.

मला धस्स झालं. हल्लीचे दिवस कसे आहेत ते काय सांगायला हवं?

रविवारी सकाळी साडेसहाला गाडी काढली. लोहा, अहमदपूर करत लातूर तीन तास. रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉलीमागं अडकलात की बसा बोंबलत. लातुरात शिकवण्यांच्या बोर्डांखाली एका गाड्यावर सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, खाल्ली, चाळीस रुपये प्लेट, झक्कास. अब्बांनी घासही घेतला नाही. "कुणी विचारलं तर नांदेडचे मास्तर म्हण. आडनाव सांगू नकोस," चौथ्यांदा बजावलं.

"अहो अब्बा, तुमची टोपी सांगतेच की!" मी म्हटलं. हसू दोघांनाही आलं नाही.

औशाच्या पुढं आत वळलं की गाव. ओढा लगेच सापडला. तुरीच्या रानातून एक शेतकरी आमच्याकडंच आला.

"पिराला आलाव का? या की. लई जागृत हाय."

ओढ्याच्या वळणावर रानातला एक तुकडा तसाच सोडलेला. वर हिरवं फडकं, नारळाच्या करवंट्या. "आज्यानं सांगितलंय, हितं नांगर घालायचा न्हाई. आमी न्हाई घालत. आई दर गुरवारी नारळ फोडती."

तेवढ्यात त्याची आई भाकरीची पाटी घेऊन आली. अब्बांकडं बघून म्हणाली, "पिराचं नाव काय वो? आमाला ठावंच न्हाई."

अब्बा म्हणाले, "रसूलसाब."

तिनं हात जोडले. "रसूलसाब बाबा, लेकराबाळाला सांभाळ."

मी अब्बांची बाही ओढली. बास, चला आता! पण ते थांबेनात. "पीर नव्हते हो ते. पानं विकायचे. माझे वडील. एकटे नाहीत इथं, अकरा जण आहेत. फौजेनं मारलं."

म्हातारी पाटी उचलून निघून गेली. शेतकरी म्हणाला, "पढून घ्या तुमी." निघताना त्यानं फोन नंबर मागून घेतला, तेव्हा तर मी हादरलेच. कशाला हवा याला नंबर?

परतीच्या वाटेवर मी अब्बांवर भडकले. पीर म्हणून जागा राखली होती. पीर नाही म्हटल्यावर कोण राखतंय? "इतकी वर्षं टिकली होती, तुम्ही एका वाक्यात घालवली!" अब्बा खिडकीबाहेर बघत राहिले. अहमदपूरला चहा घेतला, तोही निवला.

चार दिवस नांगरच डोळ्यांपुढं. गुरुवारी दुपारी फोन वाजला. म्हातारी होती, आणि चांगलीच तापलेली.

"आवं मास्तर, आदी सांगायचं न्हाई का? इतकी वर्सं म्या एकच नारळ फोडला. धा जण उपाशी राह्यले की! आज अकरा आनलेत. सांगा नावं एकेकाची."

अब्बांनी फोन दोन्ही हातांनी धरला. एक नाव सांगायचे, पलीकडं नारळ फुटल्याचा आवाज यायचा. सातव्या नावानंतर थांबले. "पुढची नाही आठवत, बाई," म्हणाले आणि ढसाढसा रडले.

"ऱ्हाऊ द्या. त्यांचे बिननावानं फोडते."

तेव्हापासून अब्बा ओळखीच्या प्रत्येक म्हाताऱ्याला फोन लावून राहिलेत. चार नावं राहिलीत. तुमच्या घरात कुणाला ठाऊक असतील तर विचारा.