मरळ वर येतो तेव्हा

निरोप आला तेव्हा मी मिलच्या हजेरीखात्यात दुपारपाळीची नावं लावत होतो. गुरुपादच्या भुसार दुकानातला हमाल फाटकातून थेट आत आला आणि मुंडासं हातात धरून माझ्या टेबलाशी नुसता उभा राहिला. "अण्णा लिंगैक्य झाले," एवढंच म्हणाला. गुरुपादला तीन दिवस ताप होता हे मला ठाऊक होतं, पण त्या तापात तो जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला ते सांगायला आजही लाज वाटते. फाल्गुन संपत आला होता, भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता, आणि मला वाटलं... अरे, ही तर मरळ मासा धरायची ऐन वेळ, आणि हा आज घरी कसा?

त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. मी ते इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. कपाळाला भस्म, गळ्यात हार, मांडी घालून गुरुपादला भिंतीला टेकवून बसवला होता. खरं सांगतो, रडू येण्याआधी मला जरा बरंच वाटलं. एकरुखच्या तळ्यावर तो अगदी असाच बसायचा, पाठ ताठ आणि मान किंचित पुढे. बारा वर्षं मी त्याच्या उजव्या हाताला बसत आलो होतो. लोक काय म्हणतील याचा विचार न करता मी तिथंच, त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसलो.

आमची ओळख झाली तीसुद्धा जीव जाण्याच्या गोष्टीवरूनच! मी तेव्हा पक्का पहाटेचा माणूस. मासा पहाटे भुकेला असतो, ऊन चढलं की तळाशी जातो, हे मला भिवा भोयानं शिकवलं होतं आणि सोलापुरात गळ टाकणारा प्रत्येक जण तेच मानत होता. एका रविवारी रिकाम्या हातानं परत निघायला मला दुपारचे साडेबारा झाले. रस्त्यावर चिटपाखरू नाही, डांबर लावल्यासारखी काळी जमीन तापलेली, आणि समोरून सायकलवर एक गृहस्थ येतोय. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला पांढरा रुमाल. अशा उन्हात बरा माणूस तळ्याकडे कशाला जाईल? मला वाटलं, जीव द्यायला निघालाय. मी सायकल वळवली आणि त्याच्या मागं लागलो. बघतो तर यानं बाभळीच्या जाळीतून लपवलेली काठी काढली, आणि कोटाच्या खिशातून एक बेडूक. बेडूकही खरा नाही! मिलमधल्या रद्दी सुताचा गोळा, त्यावर जुन्या लुगड्याची हिरवी चिंधी, दोऱ्याचे दोन पाय आणि पोटात गळ. मी मोठ्यानं हसलो.

"अहो, हे मासा खाईल का?"

"खात न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "चिडतो. पन चिडायची त्याची येळ असती. बसा हितं."

मग त्यानं मला जे सांगितलं ते मी भिवाकडून कधी ऐकलं नव्हतं. मरळ आपल्यासारखा वरची हवा घेतो. पहाटे पाणी गार असतं, तेव्हा त्याचं निवांत चालतं. दुपारी पाणी तापलं की त्याचा जीव कासावीस होतो आणि त्याला घडीघडी वर यावंच लागतं. आणि जिथं एकदा वर आला तिथंच आसपास, मोजून तेवढ्याच वेळानं, पुन्हा येणार. तो हे बोलत होता आणि समोर पाण्यावर एक गोल वळं उठलं. गुरुपाद बोलायचा थांबला. ओठ हलवत मनात आकडे मोजू लागला, मोजता मोजता उभा राहिला आणि चिंध्यांचा बेडूक त्या वळ्याच्या पलीकडं टाकून टुणटुण ओढत आणला. एकदम पाणी फुटलं! काठी वाकली, याचा रुमाल उडाला, मी उगाचच "धरा! धरा!" म्हणून ओरडत होतो. काठावर आला तो चांगला हातभर लांब मरळ. आता घरी काय कालवण होणार या विचारानं माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. तर या गृहस्थानं पंचा ओला केला, त्यात मासा धरला, गळ हलकेच सोडवला आणि त्याला पाण्यात सोडून दिला.

"अहो, सोडता काय!" मी जवळजवळ पाण्यातच पडलो.

"मग काय करू? आमच्यात चालत न्हाय की!"

असा हा माणूस. लिंगायत घरातला, जन्मात अंडं हातात न घेतलेला, आणि मासे धरण्यात गावात त्याच्यासारखा दुसरा नाही. धरायचा आणि सोडायचा. मी खायचो ते माझ्या गळाला लागलेले, त्याचा एकही नाही. दुकानावर परतला की धण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाच मिनिटं उभा राहायचा, वास जावा म्हणून. आमच्या पेठेत सगळे धणे त्याच्याकडूनच घेत, म्हणून ही पोत्याची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. लवकरच आम्ही अरेतुरेवर आलो, पण वेळेचा वाद काही मिटेना. मी म्हणायचो पहाट, तो म्हणायचा भर दुपार. एकदा तर मी हट्टालाच पेटलो. पहिला भोंगा व्हायच्या आत त्याच्या दारात जाऊन कडी वाजवली. तो बाहेर आला तो पांढराफटक. मला दंडाला धरून बोळात ओढलं.

"हळू बोल! अव्वानं ऐकलं तर?"

आणि मग सगळं बाहेर आलं. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेलेली, घरात माय-लेक दोघंच. अव्वा म्हणजे त्याची आई, पूजेशिवाय पाणी न घेणारी, सगळ्या पेठेत तिच्या सोवळ्याचा दरारा. तिला यातलं काही माहीत नव्हतं. आणि ती झोपायची फक्त दुपारी, जेवणानंतर दोन तास!

"म्हणजे तुझं ते श्वासाचं शास्त्र सगळं आईच्या झोपेतून निघालं!"

"कुटनं का निघंना," तो म्हणाला, "मासा येतो का न्हाय?"

येत होता! त्या दिवसापासून मीही दुपारचा झालो. पुढच्या काही वर्षांत उन्हाळ्यातली रविवारची दुपार चुकली ती फक्त तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत. तेव्हा घराबाहेर कधी पडायचं हे गोरे सोजीरच ठरवत होते. अव्वांसमोर गुरुपाद कधी खोटं बोलला नाही, हे मात्र मी शपथेवर सांगेन. ती विचारेल अशी वेळच तो येऊ देत नव्हता.

ती वेळ आणली मी. पाच वर्षांपूर्वी, पौषात, माझ्या बायकोला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, पण तिच्या पोटात काही ठरेना. पेज दिली की उलटून पडायची. हात उचलायचंही त्राण राहिलं नव्हतं. डॉक्टर मान हलवून गेले. शेजारचे हकीमसाहेब म्हणाले, ताज्या मरळाचं पातळ पाणी चमच्याचमच्यानं द्या, ते टिकेल. मी चार दिवस पहाटे गेलो, तिन्हीसांजेला गेलो. भिवाच्या जाळ्यात चिंगळ्यांशिवाय काही येईना. थंडीत मरळ चिखलात दडून बसतो. पाचव्या दिवशी दुपारी मी गुरुपादच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो आणि हकीमसाहेब काय म्हणाले ते सांगितलं.

तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मग त्यानं उन्हाकडं पाहिलं. "हिवाळ्यात त्याची येळ बदलती," म्हणाला, "दिवस कलला की जरा उथळ पानी तापतं. आत्ता निघालो तर घावंल." आणि कोट घालायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुकानाच्या दारातच अव्वा उन्हाला बसून डाळ निवडताहेत. हिवाळ्यात त्या दुपारच्या झोपत नसत. शिवाय सोमवार, महादेवाचा वार.

"कुटं निघालास?" त्यांनी सुपातून मान वर न करता विचारलं.

गुरुपादनं कोटाची सगळी बटणं लावली. "बाबूची बायको लई आजारी हाय, अव्वा. तिला मरळाचं पानी पायजे. धरायला चाललोय."

"कोन धरनार?"

"मीच. मला येतंय. धा वर्सं झाली."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. एक जण पिशवीचं तोंड उघडं धरून तसाच राहिला. सुपातला हात थांबला होता. अव्वांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मी पायरीवरून उठलो आणि सायकल काढली. माझ्या बायकोसाठी मी एका आईचा लेक तिच्यापासून तोडतोय, असं मला वाटलं. रस्त्यात मी मागून ओरडलो, "गुरू, फिर मागं! मी दुसरं काहीतरी बघतो!" तो पुढूनच ओरडला, "गप पायंडल मार!"

तळ्यावर त्यानं म्हशी डुंबायची उथळ जागा धरली. मनगटापर्यंत हात पाण्यात घालून म्हणाला, अजून न्हाय. थोड्या वेळानं पुन्हा घातला. अजून न्हाय. मला वाटलं, याला वेड लागलंय, तिकडं ती चाललीय आणि हा पाणी चाचपतोय! सावल्या लांब व्हायला लागल्या तेव्हा कुठं एक वळं उठलं. त्यानं मोजलं, टाकलं, ओढलं... काही नाही. दुसरं वळं. पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं मोजलंच नाही, वळं विरायच्या आत बेडूक त्याच्या मधोमध टाकला आणि पाण्याचा असा काही स्फोट झाला की काठावरचे बगळे उडाले! दोरी करकरली, गुरुपाद धोतरासकट कमरेपर्यंत आत, मी त्याच्या मागं. काठावर आणता आणता मासा गळावरून निसटला, आणि मी अंगातल्या कोटासकट त्याच्यावर आडवा पडलो. धरला! चिखलात लोळत आम्ही दोघं हसत होतो की रडत होतो, देव जाणे. मग मी दगड उचलला. गुरुपादनं पाठ फिरवली आणि माझं आटपेपर्यंत तळ्याकडं बघत उभा राहिला. त्यानं धरलेला आणि न सोडलेला तो एकच मासा.

बायकोच्या पोटात ते पाणी टिकलं. चौथ्या दिवशी तिनं भाकरीचा पापुद्रा मागितला. इकडं गुरुपादचं पान आठ दिवस परसात मांडलं जात होतं आणि आई त्याच्याशी बोलत नव्हती. नवव्या दिवशी अव्वांनी मला बोलावलं. मी शिव्या खायची तयारी करून गेलो.

"बाईल कशी हाय?"

"बसायला लागली, अव्वा."

"आनि ह्यानं आजवर धरलेले बाकीचे?"

"सगळे सोडले. एकूण एक. मी साक्षी आहे."

अव्वा लेकाकडं वळल्या. "चोरा! भर उन्हाचा बिनछत्रीचा जात हुतास, म्हनून दर उन्हाळ्याला डोळे यायचे तुजे. हितनं फुडं जायचं तर मला इचारून. येळ मी सांगनार."

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या. पण नाही! पन्नास वर्षं माळवदावर पापड, सांडगे, मिरच्या वाळवलेली बाई ती. ऊन तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं माळवदावर पाण्याचं घंगाळ ठेवलं. त्यात मनगट बुडवून सांगायची, आज जाऊ नका, आज अकराला जा, आज ढग हाय तर चारला. गुरुपाद आधी चिडायचा. मग त्याच्या ध्यानात आलं की म्हातारी चुकत नाही, आणि मग तर तो रविवारी सकाळपासून जिन्याखाली ताटकळत उभा! तिची वेळ चुकलीच तर ती म्हणायची, मासा चुकला. परत आल्यावर कुठं, किती, केवढा, सोडताना नीट पोहत गेला का, सगळं विचारून घ्यायची. त्या पाच वर्षांत आम्ही जेवढं हसलो तेवढं मी उभ्या आयुष्यात हसलो नसेन.

तो गेल्यावर सहा आठवडे मी काठीला हात लावला नव्हता. गेल्या रविवारी साडेअकराला दारात टांगा थांबला. आत अव्वा, हातात छत्री.

"चल तम्मा, ऊठ पोरा. आज येळ चांगली हाय."

"अव्वा... आता जाऊन काय करायचं?"

"पाच वर्सं येळ सांगितली," त्या म्हणाल्या. "कशाची सांगितली, ते कुटं बघितलंय मी?"

बाभळीखाली मी त्यांना पंचा अंथरून दिला आणि काठी घेऊन बाजूला बसलो. ऊन मी म्हणत होतं. अव्वा पाण्याकडं बघत होत्या, बघता बघता त्यांचे डोळे मिटायला लागले. मी आपला त्यांना परत कसं न्यावं याचाच विचार करत होतो. तेवढ्यात समोर, अगदी समोर, काळं डोकं पाण्यावर आलं, हवेचा घोट घेतला आणि गेलं. वळं पसरत पसरत आमच्या पायांशी आलं. अव्वा ताडकन उभ्या राहिल्या. छत्री गडगडत खाली गेली. सत्तरीची बाई, डोळे लहान पोरीसारखे झालेले, आणि मागं वळून बाभळीच्या जाळीकडं तोंड करून ओरडल्या, "गुरू! अरे गुरू, ये लवकर, आला बघ!"

मी ओ दिली आणि गळ टाकला.