कपाटाचं कन्फर्मेशन

“आहेर धंद्याचाच खर्च की, मॅडम! लगीन चुकवलं तर ठिबक कोण घेतंय आमच्याकडनं?” तानाजीराव माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले.

तानाजीराव ठिबक सिंचनाच्या कंपनीचे कमिशन एजंट, त्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी भरते. शेतकरी गाठायचा, ऑर्डर मिळवायची, कमिशन घ्यायचं. कंपनी त्यातून आधीच टीडीएस, म्हणजे कर, कापते. पण कमिशन मिळवण्यासाठी केलेला खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि जास्तीचा कापलेला कर रिफंड म्हणून परत मिळतो. पेट्रोल, मोबाईल यांचं ठीक होतं. आहेराशी मी अडले.

“इन्कम टॅक्सवाले हा घरगुती खर्च धरतील. सोडून द्या.”

“का सोडू? खोटं हाय का? बिलं हायत.”

बिलं खरंच होती. सगळ्यात मोठं एका लोखंडी कपाटाचं, बिद्रीच्या दत्तूअण्णांच्या मुलीच्या लग्नातलं. अण्णा म्हणजे तानाजीरावांचे शाळेपासूनचे मित्र आणि पहिलं गिऱ्हाईक. “भाऊच म्हणा की,” असं तानाजीराव स्वतःच सांगायचे. शेवटी मी हिशेबात त्या रकमेपुढे ‘सेल्स प्रमोशन’, म्हणजे विक्रीवाढीचा खर्च, असं लिहिलं.

केस स्क्रुटिनीला, म्हणजे तपासणीला लागली. हल्ली ती ऑनलाइन होते, अधिकारी दिसत नाही. समोर असता तर आपल्याकडचा आहेर काय असतो ते तोंडी समजावलं असतं. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर प्रश्न आला: भेट धंद्यासाठीच दिली, याचं घेणाऱ्याकडून कन्फर्मेशन, म्हणजे सहीचं पत्र, द्या. मी मजकूर टाइप केला, ‘सदर कपाट मला व्यावसायिक संबंधातून मिळाले आहे.’

“अण्णा डोळं झाकून सही करतोय,” तानाजीराव हसत म्हणाले.

पत्र सही होऊन आलं आणि मी लगेच अपलोड केलं. बिद्रीत काय झालं ते तानाजीरावांनी नंतर सांगितलं. अण्णांनी डोळे उघडे ठेवून वाचलं होतं.

“तान्या, म्हंजे कपाट पोरीला न्हाय, ठिबकाला दिलतंस व्हय?”

“तसं न्हाय रं, नुसतं कागदावर...”

“आण पेन.”

त्याच आठवड्यात तानाजीरावांच्या दारात टेम्पो थांबला. आत तसलंच, नवं कोरं कपाट. ड्रायव्हरने निरोप दिला, “जुनं पोरीच्या सासरी मलकापूरला हाय, ते मागवता येत न्हाय. म्हणून अण्णांनी नवं धाडलंय.”

तानाजीराव तडक माझ्या ऑफिसात आले. “मॅडम, ते पत्र मागं घ्या. रिफंड गेला खड्ड्यात.”

पोर्टलवर गेलेला कागद मागे येत नाही. मी ते सांगितलं, आणि सांगताना मला फार वाईट वाटलं. माझ्या मजकुरात कायद्याच्या दृष्टीने एक काना चुकला नव्हता. मुलीचा बाप तो वाचणार आहे, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खर्च मंजूर झाला, रिफंडही जमा झाला. फोन करून कळवलं, तर तानाजीराव नुसतं “बरं” म्हणाले. मग म्हणाले, “काल बिद्रीला गेलतो, माफी मागायला.”

“भेटले का अण्णा?”

“भेटला की. खुर्ची दिली, पाणी दिलं. आजवर तान्या म्हणायचा. काल म्हणाला, या पावणं, बसा.”



आहेर धंद्याच्या खर्चात बसवता येतो. मी बसवून दाखवला आहे. आता कोणी विचारलं, तर मी त्याला मुकाट्याने कर भरायला सांगते.