क्रेनला टांगलेली खोली आणि कोल्हापूरचा रविवार

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, तांबडा-पांढरा ओरपायला जातात, चपला घ्यायला जातात. मी बायकोला बघायला गेलो. वैशाली तिथं एका मोठ्या वसतिगृहाच्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी आहे, आणि मी पुण्यात बसून तिची काळजी करण्याचं काम करतो. त्या आठवड्यात फोनवर ती म्हणाली, "रविवारी पहिली खोली उचलायची आहे," आणि फोन ठेवला. एरवी मला तोंड उघडू न देणारी बाई एका वाक्यात आटपली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. शनिवारी सकाळी गाडी काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, साताऱ्याच्या पुढं रुंदीकरणाचं काम ठिकठिकाणी चालू आहे. तास-दीड तास जास्तीचा धरा. कऱ्हाडनंतर उसाच्या ट्रॅक्टरांमागून रांगत जावं लागतं, तिथं ओव्हरटेक करायचं धाडस दाखवू नका. मी दाखवलं नाही, मागचे हॉर्न वाजवत राहिले. कोल्हापुरात शिरल्यावर मिसळ खाल्ली आणि कट वेगळा द्या म्हणालो. मालकानं माझ्याकडं निरखून बघितलं. "पावणं, तब्येत बरी न्हाय व्हय?" म्हणाला, आणि न मागता दहीही आणून ठेवलं. राहायला स्टँडजवळ स्वच्छ आणि परवडणारी लॉज आहेत. मी मात्र वैशालीच्या भाड्याच्या खोलीवर उतरलो.

बांधकाम मलकापूर रस्त्यावर, शहराबाहेरच्या माळावर आहे. इथं खोल्या जागेवर बांधत नाहीत. शिरोळकडच्या एका यार्डात आख्खी खोली तयार होते, फरशी, खिडकी, बेसिन, आरसासुद्धा लावून, आणि ट्रेलरवर बसून इथं येते. मग क्रेननं उचलून एकावर एक रचायच्या. ऐकायला लहान मुलांचा खेळ वाटतो. त्या खोलीशेजारी उभं राहिल्यावर वाटत नाही. मी हेल्मेट घालून तिच्या भिंतीला हात लावला आणि ही माझ्या डोक्यावरून जाणार या कल्पनेनं लगेच काढून घेतला.

"खोली हवेत असली की या पट्टीच्या आत कुणी जायचं नाही," वैशालीनं लाल-पांढऱ्या पट्टीचं मोठं रिंगण दाखवलं. "बाकी सगळ्याचा बंदोबस्त केलाय. साखळ्या तपासल्या, वारा मोजायचं यंत्र लावलं. मला भीती मानपानाची आहे."

क्रेनचे ठेकेदार तानाजीराव इथलेच. पहिली खोली अधांतरी असताना तिच्याखाली नारळ फोडायचा, हलगी लावायची आणि गावचे जुने मानकरी आबा यांना फेटा बांधायचा, असा त्यांचा बेत होता. वैशालीनं त्यांना पूजा आधी, खोली जमिनीवर असताना करायला लावली होती. संध्याकाळी ते मला भेटले. "मॅडम लई कडक हायती," ते हसत म्हणाले. "पर ऐकलं की मी. बाईमाणसाचा शब्द मोडत न्हाय." मला बरं वाटलं. वैशालीला वाटलं नाही.

रविवारी सकाळी पूजा ठरल्याप्रमाणे जमिनीवर झाली. पेढे वाटले, हलगी कडाडली. आबांचा मात्र पत्ता नव्हता, ते गारगोटीला एका लग्नात अडकले होते. वारा वाढायच्या आत काम उरकायचं म्हणून वैशालीनं वाट न बघता इशारा केला. क्रेनवर रमजानभाई होते. खोली जमिनीवरून सुटली, दुमजली घराइतकी वर गेली. खिडकीतून आतली पांढरी फरशी दिसत होती.

तेवढ्यात आबांची गाडी आली. नव्वदीला टेकलेला माणूस, काठी टेकत, मागं चार-पाच मंडळी. तानाजीराव धावले. आबांना बघितलं आणि कालचा शब्द, पट्टी, खोली, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी वर उचलली. "या, या, आबा. फोटू झ्याक येतोय हितनं." पट्टीबाहेर हलगीवाल्यांना चेव आला. आबांच्या डोक्याला फेट्याचे वळसे सुरू झाले आणि वर ती खोली.

वैशालीची शिट्टी मला ऐकू आली नाही. तिचे फुगलेले गाल तेवढे दिसले, हलगीपुढं शिट्टीचा काय पाड? रमजानभाईंनी क्रेन थांबवली होती. खाली माणसं असताना त्यांना खोली उतरवता येईना, हलवणंही धोक्याचं. वाऱ्यानं ती हळूहळू वळायला लागली. खोलीला बांधलेल्या दोऱ्या पट्टीबाहेरून धरलेले कामगार मागं झुकून ती आवरत होते. मी ओरडलो असं मला वाटतं. हलगीत कुणाला ऐकू गेलं नसावं.

वैशाली धावत म्होरक्या हलगीवाल्याकडं गेली आणि चामड्यावर सपकन पंजा ठेवला. सगळं शांत झालं. मग तिनं शिट्टी मारली. मंडळींनी वर बघितलं आणि ती पळाली, तानाजीरावसुद्धा. आबा तिथंच. त्यांना ऐकू येत नाही, हे तेव्हा कळलं. अर्धवट बांधलेला फेटा सावरत ते कौतुकानं वर बघत होते.

माझी बायको पट्टीखालून आत गेली.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही आणि आठवायचंही नाही. तिनं आबांचा हात धरला. ते कुठल्याशा वरातीत निघाल्यासारखे चालले, फेट्याचं टोक मागं लोळत होतं, आणि मधेच थांबून त्यांनी तिला विचारलं, "कुनाची गं तू पोरी?" तिनं काहीतरी उत्तर दिलं. दोघं बाहेर आली. रमजानभाईंनी खोली जमिनीवर परत टेकवली तेव्हा मी खाली बसलेलो होतो.

वैशालीनं दिवसभराचं काम बंद केलं. तानाजीराव पांढरेफटक पडले होते, तरी कुरकुरलेच. "मॅडम, मानाच्या पावण्याला हाताला धरून भायेर काढलं. गावात त्वांड कसं दावू?"

"तोंड आहे ना दाखवायला?" ती म्हणाली. "आता हलगी गेटबाहेर, आणि पाहुणे खोली बसल्यावर." मग चहा तसाच ठेवून ती साखळ्या पुन्हा तपासायला गेली.

सोमवारी परतलो. ट्रिप कशी झाली, म्हणून इथं सोसायटीत विचारतात. जेवण उत्तम, पांढरा रस्सा चुकवू नका, माणसं जीव लावणारी. हे सगळं खरं आहे. पण रस्त्यानं जाताना एखादी क्रेन दिसली तरी मी आता पलीकडच्या फुटपाथवर जातो.

काल वैशालीचा फोन आला. पहिली खोली नीट बसली म्हणाली, उद्या दुसरी.

"परत आत जाणार नाहीस ना?" मी विचारलं.

"खरं सांगू, की नाही म्हणू?"

"नाही म्हण."

"नाही," ती म्हणाली.